पेन हातात आलं की

महापालिकेच्या शाळेतल्या बाईला शिकवायचं सोडून बाकीची किती कामं असतात, हे सांगायला बसलं तर दिवस मावळेल. जनगणना तिच्याकडे, पोलिओचे थेंब तिच्याकडे, मतदारयादी तिच्याकडे, आणि निवडणूक लागली की मतदारही तिच्याच गळ्यात. संघमित्रा तांबे या सगळ्यातून गेली होती. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना सरकारने तिला आणखी एक नवं काम दिलं: पंच्याऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं मत घेऊन यायचं. म्हाताऱ्या माणसांना जिने उतरवत नाहीत म्हणून ही सोय, आणि चांगलीच सोय होती. फक्त ते जिने चढणाऱ्या बाईचे गुडघे कसे आहेत, हे कुणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यातली दुपार कलली होती. सकाळी भायखळ्यापासून निघालेली त्यांची टीम घोडपदेवच्या शेवटच्या चाळीपाशी आली तेव्हा संघमित्राच्या पायांचे तुकडे पडले होते. बरोबर विकास होता, बँकेतून निवडणुकीच्या कामावर आलेला, सगळे कागद फाइलमध्ये नीट लावून ठेवणारा. हितेंद्र कॅमेरा घेऊन होता, कारण मत सोडून बाकी सगळ्याचं चित्रण करायचं असा नियम. हवालदार जिन्याखाली सावलीला बसला, आणि त्याचा संघमित्राला हेवा वाटला. पुठ्ठ्याचा आडोसा तिने स्वतःच काखेत मारला होता. टेबलावर तो उभा केला की त्याच्यामागे बसून मतदाराने मत द्यायचं. या कामात यंत्र नाही, बटण नाही. कागदाची मतपत्रिका, सरकारी बॉलपेन, आवडीच्या उमेदवारासमोर बरोबरची खूण, मग पाकीट बंद. बस.

ही गल्ली तिला नवी नव्हती. नोकरीला लागली तेव्हा संध्याकाळी ती इथल्या व्यायामशाळेच्या ओट्यावर बायकांना लिहायला शिकवायची. गिरण्या बंद पडून काही वर्षं झाली होती, पुरुष घरी बसले होते, बायका पोळ्या लाटून, खानावळी चालवून घर ओढत होत्या, आणि त्यातूनही तासभर येऊन ओट्यावर बसत होत्या. अक्षराला डोक्यावर रेघ कशी द्यायची हे त्यांना काही केल्या जमेना. अक्षरं वर-खाली उड्या मारायची. मग संघमित्राने पुस्तकातली पद्धत गुंडाळून ठेवली. म्हणाली, आधी दोरी बांधा, मग कपडे वाळत घाला. आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली एकेक अक्षर लटकवायचं. दोरी बांधणं त्यांना तिच्यापेक्षा जास्त येत होतं. दोन आठवड्यांत सगळ्याजणी आपलं नाव लिहायला लागल्या. वरिष्ठांनी येऊन बघितलं आणि ही पद्धत चुकीची आहे म्हणाले. तिने मान डोलावली आणि पुढे चालू ठेवलं.

त्या वयात तिच्या अंगात फार जोर होता, आणि त्याला कारण तिची आई. चंपाबाई गिरणीत होती. पगाराच्या दिवशी सहीच्या जागी अंगठा उठवून घरी आली की मोरीत बसून आधी अंगठा घासायची, राखेने, लिंबाच्या सालीने, मिळेल त्याने. शाई जायची, पण अंगठा लाल व्हायचा. लहानपणी संघमित्राला त्याची लाज वाटायची, मोठी झाल्यावर त्या लाजेची लाज वाटली. म्हणून ओट्यावरच्या बायकांना ती दररोज एकच गोष्ट बजावायची. कुणी पेन हातात दिलं की आधी आपलं नाव लिहायचं. अंगठा कुणालाही द्यायचा नाही.

हे सगळं तिला त्या दुपारी आठवलं असं नव्हे. त्या दुपारी तिला आठवत होता तो उद्याचा नंबर. सरकारी इस्पितळातल्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरांचा नंबर तिच्या नवऱ्याने, राजरत्नने, पहाटेपासून रांगेत उभं राहून मिळवला होता. तो हुकला तर पुढचा थेट पावसाळा संपताना. उद्या राहिलेल्या मतदारांची फेरी होती, पण तिने हातापाया पडून सुटी मंजूर करून घेतली होती, आणि ती फेरी दुसरी टीम करणार होती. म्हणजे हे शेवटचं घर झालं की सुटका. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती कठड्याला धरून चढली, प्रत्येक वळणावर थांबली, आणि विकास आपला फोन बघत असल्यासारखं करून तिच्यासाठी थांबला.

शेवंती राजाराम घाडी. सत्त्याऐंशी वर्षांची, मूळची मालवणकडची, अंगाने चिमणीएवढी. खोलीत खाटेवर ती तयारच बसली होती. धुवट नऊवारी, केसात अबोलीचा गजरा. सून अनुजा म्हणाली, सकाळपासून अशीच बसल्यात, जेवायलासुद्धा वाकल्या नाहीत, गजरा चुरगळेल म्हणून. पाणी देता देता अनुजाने हेही सांगितलं की सासरे पक्षाचे पक्के कार्यकर्ते होते, दर निवडणुकीला शिक्का कुठे मारायचा ते घरी शिकवून न्यायचे, आणि आईंनी शिक्का नक्की कुठे मारला ते मरेपर्यंत त्यांना सांगितलं नाही. ते विचारून विचारून थकले. म्हातारी नुसती हसली.

एरवी संघमित्राने ही गोष्ट आवडीने ऐकली असती. आता ती फक्त मान हलवत होती. ओळखपत्र बघून झालं. पुढे घोषणापत्र, म्हणजे मत देणारी बाई मीच, असं लिहून देण्याचा कागद. तिथे मतदाराची सही लागते. म्हातारीने हात पुढे केला, आणि तो हात वाऱ्यावर पान हलावं तसा हलत होता. आता ही सही करणार, पेन घसरणार, कागद बिघडणार, नवा कागद काढा, पुन्हा सगळं लिहा. विकासने न सांगताच स्टॅम्प पॅड उघडून ठेवलं होतं.

"माका सही येता," म्हातारी हळूच म्हणाली.

संघमित्राने ते ऐकलं. ऐकलंच नाही असं म्हणायला तिला पुढे फार आवडलं असतं, पण तिने ऐकलं होतं. "असू दे आजी, अंगठा चालतो," म्हणत तिने म्हातारीचा डावा अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर दाबला. सगळं क्षणात उरकलं. म्हातारी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. अनुजाने ओल्या फडक्याने तो पुसला, तरी नखाच्या कडेला शाई राहिलीच.

मग टेबल खाटेला लावलं, आडोसा उभा केला, मतपत्रिका आणि पेन दिलं. संघमित्राने दिवसभर म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हटलं, ज्याला मत द्यायचं त्याच्यासमोर खूण करा. ती सगळी तोंड फिरवून उभी राहिली. आत वेळ लागत होता. बराच वेळ. हितेंद्रने कॅमेरा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. संघमित्रा एका पायावर भार देऊन उभी होती आणि मनात उद्या सकाळच्या इस्पितळाच्या रांगेत जाऊन बसली होती. पेनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. इतका वेळ कशाला लागतोय, एवढंच तिच्या मनात आलं.

शेवटी म्हातारी घडी घातलेला कागद हातात धरून आडोशाबाहेर वळली. चेहरा उजळला होता. ती सुनेला म्हणाली, "नाव लिवलंय मी. सगळा. आडनावासकट."

अनुजाला त्यात काय झालं ते कळलं नाही, तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला. विकासने मात्र संघमित्राकडे बघितलं. मतपत्रिकेवर मतदाराचं नाव आलं की मत कुणी दिलं ते कळतं, आणि कळलं की ते बाद होतं. मोजणीच्या दिवशी कुणीतरी तो कागद उलगडणार, बाजूच्या गठ्ठ्यात टाकणार आणि पुढचं पाकीट फोडणार.

विकास तिला दाराबाहेर घेऊन गेला. कुजबुजत म्हणाला, मॅडम, आपण कागद बघितलेला नाही, बघायचाही नसतो. त्या बोलल्या ते बोलल्या. पाकीट बंद करू आणि निघू. एका मताने कुणाचं काय अडतंय? आणि नवीन मतपत्रिका हवी तर ऑफिसात लेखी द्यावं लागेल, उद्या परत यावं लागेल. तो दुष्ट नव्हता. त्याचं लहान मूल घरी तापाने पडलं होतं, आणि तो सकाळपासून एकदाही तक्रारीचं बोलला नव्हता. संघमित्रालाही तेच म्हणायचं होतं. निघू या. तिच्या गुडघ्यांनी तर केव्हाच होकार दिला होता.

ती आत आली ती पाकीट बंद करायच्याच बेताने. पण शिक्षिकेची खोड जात नाही, तिने विचारलं, "आजी, नाव का लिहिलंत?"

"तू अंगठो घेतलंस," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माका वाटला, आता नाव लिवूक मेळाचा नाय. मगे पेन दिलंस. आमका वर्गातल्या बाईंनी सांगलेला, पेन हातात इला काय पयला आपला नाव."

संघमित्राने कुठल्या बाई ते विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं होतं. म्हातारीने हाताने कमरेपर्यंत लांब वेणी दाखवली. बारीकशी पोर होती म्हणाली, खूप ओरडायची, पण शिकवायची बरं. पुढे बदली झाली, कुठे गेली काय माहीत. संघमित्राचा हात आपोआप मानेवर गेला. तिथे आता पांढऱ्या केसांचा आखूड बुचडा होता आणि घामाने चिकटलेली ओढणी. आपणच ती, असं सांगायला तिचं तोंड उघडेना. अंगठ्याच्या नखातली शाई समोरच दिसत होती. तिला आईची मोरी आठवली आणि इतकं वाईट वाटलं की ती चटकन खाटेच्या कडेवर बसली.

मग तिने विकासला सांगितलं की पाकीट बंद करायचं नाही, आणि म्हातारीला सगळं समजावलं. कागदावर नाव चालत नाही, हे मत मोजलं जाणार नाही, हा कागद परत द्या, उद्या नवा आणते. म्हातारीने कागद छातीशी धरला.

"ह्या कागदाचा काय करतलास?"

"रद्द करायचा असतो, आजी."

"माझा नाव लिवलेलो कागद?"

म्हातारीने घडीवरून बोट फिरवलं. ही खोली नवऱ्याच्या नावावर होती, आता मुलाच्या नावावर आहे. रेशनकार्डावर ती कुणाची तरी बायको, नंतर कुणाची तरी आई. हे सगळं तिने बोलून दाखवलं नाही, अनुजानेच नंतर जिन्यात संघमित्राला सांगितलं. म्हणाली, आईंना सही करायला फार आवडतं हो, पण हल्ली कुठे लागतच नाही. म्हातारीने अखेर कागद दिला, घडी न उलगडता, आणि संघमित्राने तो न बघता वेगळ्या पाकिटात घातला. गजरा तेवढ्यात सुकला होता.

ऑफिसात साहेब वैतागले. सगळ्यांच्याच नाकी नऊ आले होते तिथे. मतदाराच्या नजरचुकीने मतपत्रिका बिघडली, एवढं एक वाक्य लिहा आणि मोकळ्या व्हा, असं त्यांनी सुचवलं, आणि उद्या दुसरी टीम जाईल. संघमित्राने कागद ओढला आणि लिहिलं की मतदाराला सही येत असून, तसं तिने सांगूनही, मी घाईने अंगठा घेतला, आणि खूण कशी करायची ते नीट समजावलं नाही. साहेबांनी वाचून चष्मा काढला. यावरून खुलासा मागवला जाईल म्हणाले, निवृत्तीच्या तोंडावर कशाला हे? ती म्हणाली, मागवा. आणि उद्या मीच जाते. दुसरी टीम गेली तर दुसरं स्टॅम्प पॅड उघडेल, हे तिला माहीत होतं. त्या टीममधली माणसं काही वाईट नव्हती. तीही दिवसभर जिनेच चढलेली असणार.

घरी लोअर परळला जाऊन राजरत्नला सांगणं हे त्याहून अवघड होतं. तो म्हणाला, पहाटे उभा होतो गं मी. एवढंच. आणि उठून तिच्या गुडघ्यांना लावायला तेल गरम करत बसला. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तोच जिना चढली. आज वळणं कालच्यापेक्षा जास्त वाटत होती. सोबत विकास होता. त्याला यायची गरज नव्हती, पण मूल बरं आहे म्हणत तो आला होता, आणि हितेंद्र जांभया देत मागे. म्हातारी खाटेवर तशीच बसली होती. गजरा नव्हता, साडी तीच.

नवा कागद, नवं घोषणापत्र. विकासने या वेळी पॅड बॅगेतून काढलंच नाही. संघमित्राने पेनचं टोपण काढून पेन म्हातारीच्या हातात दिलं, कागदाखाली पाट सरकवला, आणि म्हणाली, "सावकाश लिहा. मला घाई नाही."

म्हातारीने कागद डोळ्यांजवळ नेला, सहीची जागा बोटाने चाचपली. पेन टेकवलं. पहिल्यांदा एक लांब आडवी रेघ निघाली, थरथरत, मध्ये जरा खाली झोल गेलेली. ओठांतल्या ओठांत म्हातारी पुटपुटली, "आदी दोरी."

"मग कपडे," संघमित्रा म्हणाली.

ती हे मुद्दाम म्हणाली नव्हती. तोंडातून गेलं. म्हातारीचं पेन थांबलं. तिने मान वर करून संघमित्राच्या तोंडाकडे बघितलं, मग केसांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. संघमित्राला वाटलं, आता ती वेणीचं विचारेल. तिने घाईघाईने सांगून टाकलं की हो, मीच ती, आणि काल मीच तुमचा अंगठा घेतला. माझं चुकलं. हे बोलताना कॅमेरा चालू होता याचंही तिला भान राहिलं नाही. विकास खिडकीबाहेर बघू लागला.

म्हातारीने पेन तसंच धरून ठेवलं होतं. दुसरा हात पुढे करून तिने संघमित्राच्या गुडघ्यावर ठेवला, नेमका दुखऱ्या.

"दमलंस गो तू," ती म्हणाली. "काल येतानाच दिसला माका."

मग ती परत कागदावर वाकली आणि दोरीखाली एकेक अक्षर लटकवायला लागली. शे झालं, वं झालं. शेवटचं 'ती' झाल्यावर तिने श्वास घेतला आणि नवऱ्याच्या नावासाठी दुसरी दोरी ओढली. हितेंद्रने कॅमेरा खांद्यावरून काढून टेबलावर टेकवला, तो चालूच राहिला. कुणी घाई केली नाही. खाली गल्लीत भाजीवाल्याची गाडी येऊन गेली.

त्यानंतरचं मत मात्र पटकन झालं. आडोशामागून पेनचा एकच छोटा आवाज आला, आणि म्हातारी घडी घातलेला कागद घेऊन बाहेर वळली. कुणाला दिलं ते तिने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. पाकीट चिकटवताना तिने फक्त घोषणापत्र पुन्हा एकदा हातात मागून घेतलं. आपलं नाव तिने लांब धरून बघितलं आणि मग कागद संघमित्राला परत दिला.